नऊ नसलेली भाषा : कारेन ब्लिक्सेन यांच्या आफ्रिकेतील वास्तव्याविषयी

परदेश पाहून आलेल्याने लिहिलेले प्रवासवर्णन आणि परदेशात घर करून राहिलेल्याने लिहिलेले वास्तव्यवर्णन हे दोन भिन्न वाङ्मयप्रकार आहेत. परंतु आपल्या समीक्षेत त्यांची बहुधा गल्लत होते. प्रवाशाकडून आपण डोळसपणाची अपेक्षा करतो. तो थोडे पाहतो, ते नेमके पाहावे, एवढीच आपली मागणी असते. वास्तव्यकाराकडून मात्र आपण जाणतेपणाची अपेक्षा करतो. त्याने त्या भूमीत वर्षे काढलेली असतात, तेथील पाऊस-अवर्षण भोगलेले असते, तेथे मित्र जोडलेले असतात, तेथील भाषा थोडीबहुत बोललेली असते. साहजिकच त्याचे विधान आपण साक्ष म्हणून स्वीकारतो. ही साक्ष कितपत ग्राह्य मानावयाची आणि ती पारखण्याचे साधन कोणते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी कारेन ब्लिक्सेन यांचे ‘आउट ऑफ आफ्रिका’ हे पुस्तक निवडले आहे. कारण या प्रकारात त्याच्याइतके वाचले गेलेले आणि त्याच्याइतका वाद ओढवून घेतलेले दुसरे पुस्तक क्वचितच सापडेल.

ब्लिक्सेन या डॅनिश बाई जानेवारी १९१४ मध्ये मोंबासा बंदरात उतरल्या आणि १९३१ मध्ये कायमच्या डेन्मार्कला परतल्या. मधली सतरा वर्षे त्या नैरोबीनजीक न्गोंग टेकड्यांच्या पायथ्याशी, सहा हजार फुटांवरील कॉफीच्या मळ्यावर राहिल्या. मळा बुडाला, विकला गेला, आणि १९३७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि त्याचा डॅनिश पाठ स्वतःच सिद्ध केला. म्हणजे डॅनिश मातृभाषेची लेखिका, इंग्रजी ही लेखनाची भाषा, स्वाहिली ही मळ्यावरील व्यवहाराची भाषा, गिकुयू ही मळ्यावर राहणाऱ्या बहुसंख्यांची घरातील भाषा आणि सोमाली ही विश्वासू कारभारी फाराह यांची भाषा, असा पाचपदरी भाषाव्यवहार या पुस्तकाच्या मागे उभा आहे. त्यांतील स्वाहिली ही मालकीण व तिचे नोकर यांपैकी जवळजवळ कोणाचीच मातृभाषा नव्हती, हे प्रथमच ध्यानात ठेवावयास हवे.

पुस्तकाच्या पाच भागांपैकी चौथ्याला लेखिकेने ‘एका स्थलांतरिताच्या वहीतून’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. त्यात अनेक लहान टिपणे असून त्यांतील एक स्वाहिली संख्यांविषयी आहे. टीकाकारांनी ते गमतीचे म्हणून बाजूला ठेवलेले दिसते. माझ्या मते मात्र साऱ्या पुस्तकाची किल्ली तेथे आहे. लेखिका आफ्रिकेत नवीन असताना एक लाजाळू स्वीडिश तरुण त्यांना स्वाहिली अंक शिकवीत होता. नऊ या संख्येचा स्वाहिली शब्द स्वीडिश कानाला असभ्य वाटणारा. तेव्हा आठापर्यंत येऊन तो थबकला आणि स्वाहिलीत नऊ नाही, असे त्याने सांगून टाकले. मग एकोणिसाचे काय, या प्रश्नावर एकोणीसही नाही, नव्वदही नाही, नऊशेही नाही, असे त्याने लाजत पण ठामपणे उत्तर दिले. लेखिकेला या शोधाचा आनंद झाला. संख्याक्रमाची शिस्त मोडण्याचे धैर्य असलेले हे लोक स्वतंत्र प्रज्ञेचे असले पाहिजेत, असे त्यांना वाटले. अंकांची बेरीज करीत एका अंकापर्यंत आणताना नऊ असला नसला तरी फरक पडत नाही, हा गणितातील आधारही त्यांनी शोधून काढला. घरातील झकारिया नावाच्या नोकराच्या डाव्या हाताचे एक बोट तुटलेले होते; तेव्हा बोटांवर मोजणे सोपे जावे म्हणून हे लोक बोट काढून टाकीत असतील काय, असाही तर्क त्यांनी केला. पुढे इतरांजवळ हे विचार बोलून दाखविताच त्यांना थांबवून खरी माहिती देण्यात आली. तरीही नऊ नसलेली एक देशी संख्यापद्धती कोठेतरी असावी ही भावना आपल्या मनातून गेली नाही, अशा आशयाने त्या टिपणाचा शेवट करतात.

टिपण विनोदी आहे आणि विनोदाचा रोख लेखिकेने स्वतःवरही ठेवला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु विनोदाचीही एक रचना असते, आणि येथे ती तपासण्यासारखी आहे. एका युरोपीयाचा संकोच ही आफ्रिकी भाषेतील उणीव ठरली. दुसऱ्या युरोपीयाच्या कल्पकतेने त्या उणिवेचे गुणात रूपांतर केले. या सर्व प्रकारात झकारिया समोर उभा आहे. त्याचे बोट दिसले, त्यावरून सिद्धान्त झाला. परंतु ‘तुमच्यात नऊला काय म्हणतात?’ हा प्रश्न त्याला विचारल्याचे टिपणात कोठेही नाही.

विचारले असते तर काय सापडले असते? स्वाहिलीत नवाला ‘तिसा’ म्हणतात. एकोणीस म्हणजे ‘कुमी ना तिसा’, दहा आणि नऊ. सहा, सात आणि नऊ या संख्यांचे रूढ शब्द अरबीतून आलेले असून एक ते पाच, आठ आणि दहा यांचे शब्द बांटू कुळातील आहेत. शिवाय नवासाठी ‘केंडा’ हा जुना बांटू शब्दही स्वाहिलीला ठाऊक आहे. म्हणजे ज्या भाषेत एकही नऊ नाही म्हणून सांगितले गेले, तिच्यात वस्तुतः दोन आहेत. एकोणिसात नऊ नसण्याचे आश्चर्यही मराठी वाचकाला वाटावयाचे कारण नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे मोजत आपण थेट एकोणनव्वदपर्यंत जातो, आणि या शब्दांत नवाचे नावही नसते; पुढच्या दशकातून एक उणे करून आपण काम भागवितो. यावरून मराठी माणसाच्या प्रज्ञेविषयी किंवा त्याच्या बोटांविषयी कोणी सिद्धान्त मांडला, तर आपण हसू.

परंतु खरी विसंगती याच्याही पुढे आहे. ब्लिक्सेन यांच्या मळ्यावर कुटुंबांसह राहणारे लोक मुख्यतः गिकुयू होते, आणि गिकुयू समाजात नऊ ही केवळ मोजण्याची संख्या नव्हे. गिकुयू आणि मुंबी या आद्य दांपत्याला नऊ मुली झाल्या व त्यांच्यापासून नऊ कुळे निर्माण झाली, अशी त्या समाजाची उत्पत्तिकथा आहे. वस्तुतः मुली दहा. परंतु नेमकी गणना टाळून ‘केंडा मुईयुरू’, म्हणजे ‘पूर्ण नऊ’, असे म्हणण्याची रीत आहे. जोमो केन्याटा यांनी ‘फेसिंग माउंट केन्या’ या ग्रंथात ही कथा नोंदविली, ती १९३८ साली, म्हणजे ब्लिक्सेन यांच्या पुस्तकानंतर अवघ्या एका वर्षाने. न्गूगी वा थिओंगो यांनी २०१८ मध्ये याच कथेवर गिकुयू भाषेत काव्य रचले आणि त्याला ‘केंडा मुईयुरू’ हेच नाव दिले. ज्या संख्येत एक समाज आपले मूळ आणि आपली पूर्णता पाहतो, तीच संख्या त्या समाजाच्या शेजारी सतरा वर्षे राहिलेल्या लेखिकेच्या वहीत ‘नसलेली’ म्हणून उतरली. वसाहतीच्या कायद्याला मात्र नऊ चांगला परिचित होता. १९१५ च्या जमीनविषयक कायद्याने गोऱ्या मळेवाल्यांच्या भाडेपट्ट्यांची मुदत ९९ वरून ९९९ वर्षांवर नेली होती.

अंकांचे टिपण ही सुटी गंमत असती, तर एवढा विस्तार अनावश्यक ठरला असता. तथापि हीच रचना पुस्तकात गंभीर ठिकाणीही आढळते. देशी लोकांना तालाची जाण तीव्र असते, परंतु शाळांतून स्तोत्रे शिकण्यापूर्वी त्यांना पद्य ठाऊकच नव्हते, असे लेखिका एके ठिकाणी निःशंकपणे सांगतात. मक्याच्या शेतात संध्याकाळी त्यांनी गिकुयू तरुणांना स्वाहिलीत यमके जुळवून ऐकविली. यमक येताच तरुण हसत. पुढे त्यांना गोडी लागली आणि ते पुन्हा पुन्हा मागणी करू लागले. ती मागणी करताना त्यांनी त्या बोलण्याला पावसाची उपमा दिली. प्रसंग रम्य आहे. परंतु स्वाहिलीच्या किनारी परंपरेत ‘उतेंडी’ हा चार चरणांच्या कडव्यांचा यमकबद्ध दीर्घकाव्यप्रकार अठराव्या शतकापासून लेखनिविष्ट आहे. गिकुयू समाजातही ‘गिचांडी’ नावाचे कूटकाव्य होते. चिन्हे कोरलेला भोपळा वाजवीत दोन गायक एकमेकांना कोडी घालीत ते गात. तेव्हा ‘पद्य नाही’ हे ‘नऊ नाही’ याच जातीचे विधान होय. ऐकणाऱ्याला जे सांगितले गेले नाही, ते त्याने ‘नसलेले’ मानले.

आणि तरी याच प्रसंगात पुस्तकाचे सामर्थ्यही आहे. पावसाची ती उपमा लेखिकेची नव्हे. ती त्या तरुणांची आहे. ज्यांना पद्य ठाऊक नाही असे म्हटले, त्यांनीच त्या पानावरील सर्वांत काव्यमय उद्गार काढला, आणि लेखिकेने तो जसाच्या तसा नोंदविला. म्हणजे विधान एक सांगते आणि नोंद दुसरेच. या पुस्तकात दोन प्रकारची वाक्ये आहेत, असे मला म्हणावयाचे आहे. एका प्रकारात कर्ता जातिवाचक असतो: ‘देशी लोक’, ‘किकुयू’, ‘सोमाली’. दुसऱ्यात कर्ता नामधारी असतो किंवा निदान एक विशिष्ट माणूस असतो, आणि तो स्वतः बोलतो. पहिल्या प्रकारची वाक्ये तपासली असता बहुधा ढासळतात; दुसऱ्या प्रकारची आजही टिकून आहेत.

शब्दांच्या देवघेवीतही हेच द्वंद्व दिसते. स्वाहिलीत नामे वर्गांत विभागलेली असून वर्ग उपसर्गाने दाखविला जातो. ‘म्तोतो’ म्हणजे मूल, ‘वातोतो’ म्हणजे मुले. येथील एकवचनी ‘म्’ व अनेकवचनी ‘वा’ हे मुख्यत्वे मनुष्यवाचक वर्गाचे उपसर्ग होत. गोऱ्या मळेवाल्यांच्या बोलीत, आणि त्यानुसार या पुस्तकातही, उपसर्ग गळून ‘तोतो’ एवढेच उरते आणि त्याला इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय लागतो. ‘शांबा’, म्हणजे शेत, याचे ‘माशांबा’ हे मूळ अनेकवचनही असेच नाहीसे होते. मळेवाल्यांच्या या स्वाहिलीला ‘किसेतला’ असे नावच पडले होते. तिच्यात उपसर्गांचा मेळ राहिला नव्हता आणि क्रियापदांत आज्ञार्थाचा भरणा होता. हा लेखिकेचा व्यक्तिगत दोष नव्हे. ती त्या समाजाची रूढी होती. याच्या उलट बाजूचे उदाहरण पुस्तकातच आहे. गोऱ्या स्त्रीला संबोधण्याचा ‘मेमसाहेब’ हा शब्द हिंदुस्थानातून तेथे गेला. आफ्रिकी लोकांनी तो ‘म्साबू’ असा करून आपल्या भाषेच्या वळणावर आणला. त्यांनी हा शब्द आफ्रिकी करून घेतल्याचे लेखिकाही नमूद करतात. एका बाजूने परक्या शब्दाला आपल्या घरात जागा दिली. दुसऱ्या बाजूने दुसऱ्याच्या घरातील शब्द उचलताना त्याचा मनुष्यवाचक भाग मागे टाकला. कोण कोणाच्या भाषेत राहावयास गेले, हे अशा बारीक तपशिलावरून कळते.

हाच प्रश्न मैत्रीसंबंधी विचारावा लागतो. कारण मित्रांसमवेत केलेला संचार हा या पुस्तकाचा अत्यंत लोभस भाग आहे. डेनिस फिंच हॅटन हे शिकारीच्या मोहिमांवरून येत आणि मळ्यावर मुक्काम करीत. बर्कली कोल येत. पुस्तके, ग्रामोफोन, लॅटिन कविता, रात्र जागविणाऱ्या कथा यांनी ते घर भरून जाई. या मोहिमांचे नाव ‘सफारी’. आपल्या ‘सफर’ शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच, अरबी. स्वाहिलीत कोणताही प्रवास ही सफारीच. बाजाराला जाणे किंवा आप्तांकडे जाणे हीदेखील. एवढेच नव्हे, तर ‘सफारी ही’ म्हणजे ‘या खेपेस’. इंग्रजीत जाताना मात्र त्या शब्दाचा अर्थ तंबू, हमाल आणि बंदुका यांच्यापुरता आकसला. सर्वांचा शब्द मूठभर मित्रांचा झाला. या मित्रमंडळात ज्ञानाची देवघेव पुष्कळ होते. परंतु ती आपसात होते. स्वीडिश तरुणाची चूक या वर्तुळात काही काळ निर्वेध फिरू शकली, याचे कारण हेच.

हे वर्तुळ एका ठिकाणी मात्र सुंदर रीतीने भेदले जाते. फिंच हॅटन यांनी जिप्सी मॉथ जातीचे छोटे विमान आणले आणि दोघांनी टेकड्यांवरून, सरोवरांवरून उड्डाणे केली. ही वर्णने पुस्तकातील सर्वोत्कृष्ट गद्यात गणली जातात. एका उड्डाणानंतर एक वृद्ध गिकुयू गृहस्थ त्यांना विचारतात की, एवढ्या उंच गेलात, तर देव दिसला काय? नाही म्हटल्यावर, देव दिसेल एवढ्या उंचीवर कधी जाता येईल काय, असे ते दोघांनाही विचारतात. ठाऊक नाही, हे उत्तर मिळाल्यावर, मग तुम्ही दोघे कशासाठी उडता हे मला मुळीच कळत नाही, असा ते निर्वाळा देतात. लेखिका यावर भाष्य करीत नाहीत. मित्रांच्या संचाराचा हेतूच विचारणारा हा प्रश्न त्या वर्तुळाबाहेरून आला आणि लेखिकेने त्याला शेवटचा शब्द बहाल केला. वास्तव्यवर्णनाचे जाणतेपण असे सिद्ध होते.

या संदर्भात बेरिल मार्खम यांचे ‘वेस्ट विथ द नाइट’ (१९४२) आठवते. मार्खम चार वर्षांच्या असताना आफ्रिकेत आल्या आणि न्जोरो येथील वडिलांच्या मळ्यावर वाढल्या. किबी हा नांदी जमातीचा मुलगा त्यांचा खेळगडी होता. तोच मोठा झाल्यावर, आरप रूटा या नावाने, त्यांचा नोकर म्हणून परत आला. पूर्वी आपण बरोबरीने चालत असू आणि आता तो मागून चालेल, याची नोंद मार्खम करतात. ब्लिक्सेन यांच्याकडे गद्याची श्रीमंती अधिक आहे. परंतु मैत्री आणि चाकरी यांच्यामधील रेषा कोठे पडली, हे मार्खम एका वाक्यात सांगतात, आणि ब्लिक्सेन यांच्या पुस्तकात ते तितक्या स्पष्टपणे क्वचितच येते.

न्गूगी वा थिओंगो (१९३८–२०२५) यांनी ब्लिक्सेन यांच्यावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. ‘मूव्हिंग द सेंटर’ (१९९३) या संग्रहातील निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी स्वयंपाकी आणि कुत्रा यांना शेजारी बसविले आहे. त्याला आधार पुस्तकातच आहे. कामान्ते हा मुलगा उत्तम पाकसिद्धी करीत असे. परंतु स्वतःला रुचणारा पदार्थ तो मालकिणीपुढे ठेवी, तेव्हा माणसाळलेल्या कुत्र्याने हाडूक आणून ठेवावे तसे ते वाटे, असे लेखिका लिहितात. या उपमेचे समर्थन संभवत नाही. प्रेमाच्या ओघात आलेली उपमा म्हणून तिला सूट देणे म्हणजे न्गूगींचा मुद्दाच न समजणे होय. प्रेम होते आणि उपमाही होती, हेच तर त्यांचे म्हणणे आहे. कामान्ते यांच्या स्वतःच्या आठवणी आणि कथा पीटर बिअर्ड यांच्या प्रयत्नाने १९७५ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. ब्लिक्सेन यांचे पुस्तक यापुढे त्या ग्रंथाविना शिकविले जाऊ नये.

परंतु न्गूगींचा निर्णय संपूर्ण पुस्तकाला लागू करावयाचा झाल्यास आणखी दोन स्थळांचा हिशेब द्यावा लागतो. मळ्याच्या सहा हजार एकरांपैकी सुमारे एक हजार एकरांवर गिकुयू कुटुंबांची शेती होती. त्या मोबदल्यात त्यांना वर्षातील ठराविक दिवस मालकासाठी राबावे लागे. १९१८ च्या कायद्याने ही मर्यादा किमान १८० दिवस ठरविली होती. या कुटुंबांविषयी लेखिका म्हणतात की, त्यांचे वाडवडील तेथेच जन्मलेले असल्यामुळे ते बहुधा आपल्यालाच एक वरच्या दर्जाचे कूळ समजत असावेत. येथे मालकी हक्काचे सारे व्याकरणच उलटे होते. दुसरे स्थळ अखेरच्या भागातील आहे. मळा विकल्यावर या कुटुंबांना उठावे लागले; आपणा सर्वांना एकत्र राहता येईल अशी जागा मिळावी, अशी त्यांची मागणी होती, आणि लेखिकेने सरकारदरबारी खटपट करून ती मान्य करून घेतली. तेथे त्या सांगतात की, ज्यांची जन्मभूमी घेतली जाते त्यांच्याकडून केवळ जमीन जात नाही. त्यांचा भूतकाळ, त्यांची मुळे आणि त्यांची ओळखही जाते. हेही सामान्य विधान आहे; परंतु त्यातील घेणारा कर्ता द्वितीय पुरुषी, ‘तुम्ही’ असा आहे, आणि हा ‘तुम्ही’ म्हणजे वाचणारा युरोपीय समाज होय. जातिवाचक विधानांचा जो रोख पुस्तकभर इतरांकडे होता, तो येथे स्वजनांकडे वळला आहे. कुटुंबांची मागणी ऐकल्यानंतरच हे वाक्य लिहिता आले, हेही विसरता कामा नये.

असो. परदेशात रुजणे म्हणजे तेथील हवा मानवणे नव्हे, घर बांधणे नव्हे, किंवा आपल्यासारख्याच मित्रांबरोबर तो प्रदेश पालथा घालणेही नव्हे. आपली चूक तेथल्या माणसाने दुरुस्त करावी असा संबंध निर्माण होणे, म्हणजे रुजणे. वास्तव्यवर्णन वाचताना अभ्यासकाने प्रत्येक विधानाजवळ थांबून हे लेखकाला कोणी सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले आणि खोडण्याचा अधिकार कोणाला होता, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘आउट ऑफ आफ्रिका’ या कसोटीवर अर्धे उतरते आणि अर्धे उतरत नाही. जेथे लेखिका आपल्या मंडळात बसून आफ्रिकेविषयी बोलतात, तेथे नऊ हरवतो. जेथे त्या म्हाताऱ्याचा, मुलाचा, कुळांचा शब्द ऐकून लिहून ठेवतात, तेथे तो जागेवर असतो. हे दोन्ही ग्रंथ एकाच मुखपृष्ठाखाली आहेत, आणि त्यांना वेगळे ओळखण्यास शिकविणे हे आपल्या अभ्यासक्रमाचे काम आहे.